चौथा खटका

प्रिय मुक्ता आणि ईशान,

मागच्या रविवारी फोनवर ईशानने विचारलं, "आजी, तू खरंच कंटेनर वापरून प्रोग्राम करतेस?" आणि तुम्ही दोघं हसलात. मीही हसले, पण तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं आणि उत्तर राहून गेलं. त्याच आठवड्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या कामाच्या आठवणी मागितल्या. म्हणून एकच मजकूर दोघांना पाठवते आहे, तुम्हाला आणि त्यांना. ईशानला मराठी वाचायला वेळ लागतो. त्याने सावकाश वाचावं, आणि मुक्ताने मध्येच पुढचं सांगू नये.

आत्ताच लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. येत्या पाडव्यापासून आमचं वर्कशॉप शहाजी बघणार. मी फक्त गुरुवारी जाईन. किल्ली देण्याआधी एक गोष्ट माझ्या हाताने लिहिलेली असावी असं वाटतं, कारण ती माझ्या चुकीची आहे आणि दुसऱ्या कुणी सांगितली तर सांगणारा मला सांभाळून घेईल.

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्त झाल्यावर माझा जुना विद्यार्थी शहाजी आणि मी तुळजापूर रस्त्याला दोन खोल्या घेतल्या आणि मोटारींचे बोर्ड बनवायला लागलो. तिसरी संगीता. ती डाग देते, म्हणजे सोल्डरिंग करते, आणि तिच्या हाताचा डाग मी भिंगाखाली कधी पुन्हा बघितला नाही.

बोर्ड म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे शेतीची थ्री-फेज लाईट चोवीस तास नसते. कधी दिवसा येते, कधी रात्री. दर वेळी विहिरीवर जाऊन मोटर चालू करायला माणूस कुठून आणायचा? म्हणून स्टार्टरशेजारी एक पेटी बसवतात. तिच्या आत आमचा बोर्ड, आणि बोर्डावर नखाएवढी चिप, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तिला पडदा नाही, कीबोर्ड नाही. एक काम नेमून द्यायचं, ती तेच करत राहते. लाईट आली, तिन्ही फेज नीट आहेत, थोडं थांब, मोटर चालू कर. काही बिघडलं, बंद कर.

हा प्रोग्राम आपण कॉम्प्युटरवर माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. कंपायलर त्याचं चिपला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करतो. ती आकड्यांची फाईल एका वायरने चिपमध्ये भरायची. भरल्यावर बाहेरून सगळे बोर्ड सारखेच दिसतात. आत कोणता प्रोग्राम आहे हे नुसतं बघून मलाही सांगता येत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. लोहाऱ्याकडच्या एका गृहस्थांचा बोर्ड तीनदा परत आला. तिन्ही वेळा कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, पट्ट्यांमध्ये मेलेली पाल निघाली. शेवटच्या वेळी त्यांनी शांतपणे विचारलं, प्रोग्राममध्ये पालीसाठी काही टाकता येईल का. शहाजी म्हणाला, टाकतो, पण आधी पेटीचं भोक बुजवा. एका बागायतदाराला बिघाडाचा दिवा लाल नको होता, लाल दिसला की घरचे घाबरून फोन करतात म्हणे. आम्ही निळा बसवून दिला. आता निळा लागला की ते स्वतःच घाबरून फोन करतात.

आता मुख्य गोष्ट.

उन्हाळ्यात विहीर तळाला जाते आणि मोटर कोरडी फिरते. कोरडी मोटर करंट कमी ओढते, त्यावरून बोर्डाला कळतं आणि तो ती बंद करतो. मग वीस मिनिटं थांबतो, झऱ्यांनी थोडं पाणी भरावं म्हणून, आणि पुन्हा चालू करून बघतो. आमच्या पहिल्या वर्षीच्या प्रोग्राममध्ये तो असा कितीही वेळा बघत राहायचा. ते वाईट होतं. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. कोरडीच पुन्हा पुन्हा सुरू केली तर आतलं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, तापून जळतं. म्हणून दुसऱ्या वर्षी मी मर्यादा घातली. तीन प्रयत्न करायचे. त्यानंतर माणसाने येऊन बटण दाबेपर्यंत मोटर बंद.

येरमाळ्याजवळच्या एका गावात पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर आमचा असा नवा बोर्ड होता. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं पाणी सोडायचं काम भागवतअण्णा करत. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. वैशाखात मोटर जळली. गाव आठ दिवस टँकरवर गेलं. पंचायतीत बोलणं निघालं की भागवतने मोटर डायरेक्ट केली असणार. डायरेक्ट म्हणजे बोर्ड बाजूला ठेवून वायर सरळ स्टार्टरला जोडायची. घाईचे लोक करतात तसं. ग्रामसेवकांनी मला फोन करून विचारलं, तुमचा बोर्ड चौथ्यांदा मोटर सुरू करू शकतो का?

मी पद्धतशीर बाई आहे, तुमची आई तुम्हाला सांगेल. मी तोंडी उत्तर दिलं नाही. घरच्या लॅपटॉपवर प्रोग्राम नव्याने तयार केला, घरातल्या एका बोर्डात भरला, मोटरीऐवजी लहान बल्ब लावला. एवढ्याशा करंटवर बोर्डाला वाटतं की मोटर कोरडी आहे. तीन प्रयत्न झाले, बोर्ड थांबला. मी लेटरहेडवर लिहिलं की हा बोर्ड चौथ्यांदा मोटर सुरू करूच शकत नाही, मोटर जळण्याचं कारण बोर्डाबाहेरचं आहे. सही केली, शिक्का मारला, पोस्टाने पाठवलं. पत्र चांगलं उतरलं होतं, याचंही समाधान वाटलं.

साधारण महिन्याने, एका सोमवारी सकाळी, भागवतअण्णा एसटीने धाराशिवला आले आणि काखेतली पेटी माझ्या टेबलावर ठेवली. पंचायतीने मोटर भरून, म्हणजे आत नवी तार गुंडाळून, आणली होती, बोर्ड काढून टाकला होता आणि अण्णांनाही. त्यांच्या जागी दुसरा माणूस ठेवला होता. शहाजीने त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"बाई, म्या डायरेक्ट केलं न्हाय," ते म्हणाले.

मी त्यांना तपासणी समजावून सांगितली. बोर्ड तीनदाच प्रयत्न करतो, मी स्वतः बघितलं आहे. कारण बोर्डाच्या बाहेर आहे एवढंच मी लिहिलं, तुमचं नाव कुठंही घेतलेलं नाही.

"बोर्डाच्या बाहेर तितं म्या एकटाच हाय."

त्यांनी पेटीवर हात ठेवला.

"तुमी तुमचा तपासला. ह्यो माजा कुठं तपासला?"

तीस वर्षं मी मुलांना सांगत आले होते की हातातला भाग मोजा, पुस्तकातला नाही. ती तीस वर्षं त्या क्षणी माझ्या काही उपयोगाला आली नाहीत. शहाजी खाली बघत होता. संगीताने आपणहून पेटी उघडून बोर्ड बाहेर काढला आणि बल्ब जोडला.

पहिल्यांदा कॉन्टॅक्टर वाजला, खट. बल्ब लागला, बोर्डाला मोटर कोरडी वाटली, बल्ब विझला. आता वीस मिनिटं. ती कमी करायची सोय बोर्डात नव्हती, त्यामुळे आम्ही चौघं खरोखरच वीस वीस मिनिटं बसून राहिलो. चहा झाला. अण्णा तेव्हा बसले. शहाजीने विचारलं म्हणून बोलले. टँकरच्या दिवसांत लोक त्यांच्या दारावरून जाताना रिकामे हंडे वाजवत जायचे. बोलत कुणी नव्हतं, नुसते हंडे. त्यांच्या मंडळी पाण्याला पहाटे जायला लागल्या, कुणी भेटू नये म्हणून.

पहिला प्रयत्न असा झाला. दुसरा झाला. संगीता पाटीवर रेघा मारत होती. तिसऱ्या प्रयत्नानंतर शहाजी म्हणाला, "आता थांबंल, बाई." मीही तसंच धरून चालले होते. मला अण्णांचं वाईट वाटायला लागलं होतं, म्हणजे अजूनही मी स्वतःला बरोबरच समजत होते.

वीस मिनिटांनी चौथा खटका वाजला.

अण्णांनी पाटीकडे बघितलं.

"मोजला का, ताई?" त्यांनी संगीताला विचारलं.

तिने रेघ मारली. अण्णांची परतीची गाडी तोवर निघून गेली होती. ते म्हणाले, अजून एक बघू, म्हणजे चुकून वाजला असं व्हायला नको. पाचवाही वाजला.

मग आम्ही चिपमधला प्रोग्राम उलटा कॉम्प्युटरवर ओढून घेतला आणि माझ्या फाईलशी ताडून बघितला. जुळेना. शहाजीने सहज म्हणून पहिल्या वर्षीच्या जुन्या फाईलशी ताडला. आकडा न् आकडा जुळला. नवा म्हणून दिलेल्या बोर्डात जुना प्रोग्राम होता.

तो कसा गेला हे शोधायला दोन दिवस लागले आणि उत्तर दारावरच लिहिलेलं होतं. आपल्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा शहाजीने एका दिवसात सगळं बदलून घेतलं होतं. दारावरची पाटी, लेटरहेड, रबरी शिक्का. शहाजीचं काम अर्धवट नसतं. त्याच दुपारी त्याने वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचंही नाव बदललं. आधी ते रोमन अक्षरांत उस्मानाबाद होतं. त्याने देवनागरीत छान 'धाराशिव' असं लिहिलं. आमच्या जुन्या कंपायलरला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याला फोल्डरच सापडेना, आणि त्या दिवसापासून त्याने काम करणं सोडून दिलं.

मग बोर्ड भरले कसे जात होते? कंपायलर चालवायचा आणि तयार झालेली फाईल चिपमध्ये भरायची, या दोन कामांसाठी चार ओळींची एक फाईल होती. संगीता तिच्यावर क्लिक करायची. पहिलं काम फसलं तर दुसरं करू नकोस, अशी ओळ तिच्यात नव्हती. त्यामुळे कंपायलर अडला की ती फाईल पुढे जायची आणि ठरलेल्या जागी पडलेला जुना प्रोग्राम बोर्डात भरायची. तीन प्रयत्नांची मर्यादा मी नाव बदलल्यानंतर घातली होती, त्यामुळे तिथं पडलेला प्रोग्राम पहिल्या वर्षीचाच होता. शेवटी हिरव्या अक्षरांत 'झालं' असं यायचं. संगीताने मधे लाल ओळी बघितल्या होत्या. तिने शहाजीला विचारलंही होतं. तो म्हणाला होता, त्या नेहमीच्याच हायत. ते खरं होतं. बारीकसारीक इशाऱ्यांच्या लाल ओळी आधीपासून यायच्या आणि मीच त्यांना सांगितलं होतं की तिकडे लक्ष देऊ नका.

आणि ती चार ओळींची फाईल मी लिहिलेली होती. माझ्या लॅपटॉपवर फोल्डरचं नाव जुनंच होतं, कारण चालू कामात मी काही बदलत नाही. म्हणून माझ्याकडे सगळं बरोबर चालत होतं. माझ्या शिस्तीमुळेच मला चूक दिसली नाही.

शहाजी म्हणाला, "बाई, चूक माजी. म्या नाव बदललं." मी त्याला सांगितलं की फोल्डरचं नाव बदलल्याने मोटर जळत असेल तर दोष नाव बदलणाऱ्याचा नाही. ते त्याला पटलं की नाही माहीत नाही. त्याने दुसरा मुद्दा काढला नाही.

माझ्या रजिस्टरमध्ये प्रत्येक बोर्डाचा नंबर, गाव आणि दिल्याचा दिवस असतो. नाव बदलल्यापासून अकरा बोर्ड गेले होते. आठवड्यात अकराही परत आणले आणि माझ्या लॅपटॉपवरून भरून दिले. पंचायतीला मी दुसरं पत्र लिहिलं, आणि या वेळी पोस्टाने पाठवलं नाही. ग्रामसभेत उभी राहून वाचलं. पहिल्या पत्रातलं माझं विधान चुकीचं आहे, मोटर बोर्डामुळे जळली, भागवत यांचा काही दोष नाही, मोटर भरण्याचा भार आम्ही उचलतो. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम, मग एवढे दिवस कुठं होत्या?" मी पत्र सरपंचांच्या हातात दिलं. अण्णांना काम परत मिळालं. बोर्ड पुन्हा लावायचा का, असं सरपंचांनी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "लावा. पर माझ्यासमोर मोजून लावा."

मी म्हटलं, मोजूनच लावू, पण आधी आमचं घर नीट करू द्या. ते करायला पावसाळा गेला, आणि इथंच तुमचा कंटेनर येतो.

कंटेनर म्हणजे कॉम्प्युटरच्या आत उभी केलेली एक बंद खोली. तिच्यात काय असावं ते एका साध्या यादीत लिहायचं. कोणता कंपायलर, त्याची नेमकी कितवी आवृत्ती, बरोबर कोणती साधनं. यादी दिली की कॉम्प्युटर तशी खोली उभी करतो. काम झालं की ती मोडून टाकायची. उद्या त्याच यादीवरून पुन्हा उभी राहते, या कॉम्प्युटरवर काय किंवा दुसऱ्या. बाहेरचा फोल्डर आत दाखवला जातो आणि आत त्याचं नाव कायम एकच असतं, 'काम', रोमन अक्षरांत. बाहेर शहाजीने गावाचं नाव लिहावं नाहीतर मुलीचं, आतल्या कंपायलरला ते कळतही नाही.

हे मी इंग्रजीतून वाचून शिकले. सदुसष्टाव्या वर्षी सोपं गेलं असं म्हणणार नाही, पण अवघडही गेलं नाही. कुठलीही गोष्ट आधी यादी करून मग करायची, हे तर मी जन्मभर करत आले. शहाजीने त्याला पहिल्या दिवशी डबा म्हटलं आणि आता आम्ही सगळेच डबा म्हणतो. पहिली अडचण आली ती अशी की डब्याला बाहेरची वायर दिसत नाही. आत प्रोग्राम तयार होतो, पण यूएसबीला लावलेल्या बोर्डापर्यंत तो पोचत नाही. शहाजी म्हणाला, "सैपाक चांगला करतोय डबा, पर वाढायला हात न्हाईत त्येला." आतून हात काढायच्या युक्त्या असतात. मी त्या केल्या नाहीत. डब्यात फक्त कंपायलर. फाईल बाहेर आली की बाहेरचं साधन ती भरतं. मात्र आधी बघतं की फाईल आत्ताच, याच डब्यातून, काही न बिघडता आलेली आहे. नसेल तर तिथंच थांबतं. बारीक इशारेही आम्ही एकेक करून निस्तरले. आता लाल ओळ कधी येत नाही, त्यामुळे आली तर संगीता हात थांबवते.

दुसरी अडचण माझी. शहाजीचं घर लोहाऱ्यात आहे आणि तिथंही त्याने एक कॉम्प्युटर ठेवला आहे. डबा पेनड्राइव्हवर घालून तो एसटीने घेऊन गेला. एकच डबा, एकच प्रोग्राम, तेव्हा धाराशिवची फाईल आणि लोहाऱ्याची फाईल आकडा न् आकडा सारखी यायला हवी. येईना. आठ दिवस फोनवर आम्ही एकमेकांना आकडे वाचून दाखवत होतो. शेवटी संगीताने विचारलं, फरक नेहमी एकाच जागी कसा पडतो? ती जागा माझी होती. प्रोग्राम ज्या क्षणी तयार होईल ती तारीख आणि वेळ त्याच्या आत छापायची, असा माझाच नियम. तारीख घातल्याशिवाय मी तुमच्या आईच्या शाळेला चिठ्ठीसुद्धा लिहिली नव्हती. ती ओळ काढली, आणि त्या संध्याकाळी लोहाऱ्याहून शहाजीने फाईलचा बेरीज-आकडा, म्हणजे सगळ्या फाईलवरून निघणारी आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ, वाचून दाखवला, मी इथं पेन्सिलीने एकेका अक्षराखाली टिंब देत गेले, आणि एकही टिंब चुकलं नाही. फोनवर तो म्हणाला, "जुळलं न्हवं?" मी म्हटलं, जुळलं. कामात इतका आनंद मला फार कमी वेळा झाला आहे.

अण्णांच्या बोलण्यावरून बोर्डात एक बटण वाढवलं. ते दाबलं की वीस मिनिटांची वीस सेकंदं होतात. आता कुठलाही बोर्ड गिऱ्हाइकासमोर खटके मोजून दिल्याशिवाय जात नाही, आणि जो विहिरीवर जाणार तोच बोर्ड मोजायचा. पालवाल्या गृहस्थांनी तर दोनदा मोजायला लावला.

गेल्या दिवाळीच्या आधी मी आणि शहाजी त्या गावात गेलो. अण्णांनी स्वतः स्क्रू आवळले, बटण दाबलं, आणि बोटांवर मोजलं. तीन. मग बराच वेळ थांबले. चौथा आला नाही. त्यांनी पेटीचं दार लावलं आणि आम्हाला चहाला घरी नेलं. वहिनींनी चहा दिला, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं. तसं वाटायचा मला हक्क नव्हता.

परतताना पंचायतीच्या कार्यालयात गेले आणि माझं पहिलं पत्र परत मागितलं. ते चुकीचं आहे हे मीच लेखी दिलं आहे, मग फाईलला कशाला, असं ग्रामसेवकांना म्हटलं. ते तरुण आहेत, नम्रपणे म्हणाले की मॅडम, आवक क्रमांक पडलेला कागद काढता येत नाही. हवं तर दुसरं त्याच्या मागं लावतो. मी लावायला सांगितलं.

वर्कशॉप चालू आहे. डब्याची यादी एका पानाची आहे, तिची एक प्रत शहाजीकडे, एक संगीताकडे आणि एक या पत्रासोबत तुम्हाला पाठवते आहे. त्या विहिरीवर तोच बोर्ड आहे आणि पाणी भागवतअण्णाच सोडतात. पंचायतीच्या फाईलमध्ये माझी दोन्ही पत्रं आहेत, दोन्हींवर माझी सही आहे.

तुमची,
आजी